फायबर की पत्रा: जीपचा हौदा नव्याने उभा करताना

जुन्या जीपचं इंजिन उघडलं की निर्णय बहुतेक आपोआप होतात. रिंगा गेल्या असतील तर बदलायच्या, क्रँक खराब असेल तर ग्राइंड करून घ्यायचा, बेअरिंग नवी टाकायची. बॉडीचं तसं नसतं. तिथे प्रत्येक कोपऱ्यात वाचवायचं की फेकायचं हा प्रश्न असतो, आणि फेकायचं ठरलं की त्या जागी काय घालायचं हा पुढचा. माझी गाडी छोट्या व्हीलबेसची, विलीज घराण्यातली, उघडी. डांबरी रस्त्यावर कमी आणि दगडधोंडे, ओढे, चिखल यांत जास्त चालणारी. इंजिन तयार, चासी रंगवून तयार, आणि मी फायबर (काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन नावाचं प्लास्टिक) की पत्रा यावर अडून बसलेलो. कामाला हात लावण्यापेक्षा या एका निर्णयात जास्त वेळ गेला, आणि तो गेला ते बरंच झालं असं आज वाटतं.

चासीवरून उचललेला हौदा, म्हणजे माणसं बसतात ती बॉडीची उघडी पेटी, वरून बरा दिसत होता. उलटा केल्यावर पोल खुलली. तळाच्या पत्र्याखाली टोपीच्या आकारात दुमडलेल्या आडव्या पट्ट्या असतात. हौदा चासीला बोल्ट होतो तो त्यांच्यातूनच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूमध्ये या पट्ट्यांच्या पोटात चक्क लाकूड भरलेलं असायचं. पाणी शिरलं की लाकूड ते धरून ठेवायचं आणि पत्रा आतून सडायचा. माझ्या गाडीत लाकडाच्या जागी वर्षानुवर्षांचा चिखल होता, परिणाम तोच. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जरा दाबलं की आरपार. पेट्रोलच्या टाकीखालचा खोलगट भाग, टूलबॉक्सचे तळ, पायरीजवळचे कोपरे, सगळीकडे तीच कथा. जिथे दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड मारलेले होते, तिथे मधल्या फटीत गंज फुगून पत्रे एकमेकांपासून सुटायला आले होते.

एका कोपऱ्यात आणखी एक गंमत निघाली. आधीच्या कुणीतरी गंजलेल्या पत्र्यावरच फायबरची मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, रेझिनने चिकटवून, वर पुट्टी घासून, रंग मारून टाकला होता. छिन्नीचं टोक घातलं तर तो सगळा थर एका अखंड तुकड्यात हातात आला. मागची बाजू गुळगुळीत, तिच्यावर गंजाची तांबूस पावडर. रेझिन पत्र्याला धरलंच नव्हतं, ते धरलं होतं गंजाला, आणि गंज पत्र्याला धरून राहत नाही. फायबरशी माझी पहिली ओळख ही अशी झाली.

तरीही ज्याला विचारावं तो फायबरच सांगत होता. गंजत नाही, हलकं असतं, साच्यातून तयार हौदा येतो, बोल्ट मारा आणि चालवा. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याबद्दल माझा समज बराच बदलला, आणि तिसरं तर निव्वळ आशावाद आहे.

आधी वजनाचं सांगतो, कारण माझा सगळा कल त्यावरच होता. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट, मॅट आणि पॉलिस्टर रेझिनने बनलेल्या फायबरची साधारण दीडपट. हे आकडे वाचले की वाटतं, बॉडी पाचपट हलकी होणार. पण पत्र्याइतकंच पातळ फायबर घालून चालत नाही ना. हौद्याचा पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, एका चौरस मीटरचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास. फायबरमध्ये ४५० ग्रॅमची मॅट घेतली तर एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच, आणि हाताने थर मारताना काचेचं प्रमाण वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणजे एक थर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा आणि दीड किलोचा. चार थर आणि वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, धरला की साडेसहा किलो. फरक आहे, पण तीन किलोचा. तळाला, जिथे माणसं पाय देतात, जॅक आणि सामान आदळतं, तिथे सहा थर आणि मध्ये प्लायवूड घातलं की फायबर पत्र्याइतकंच होतं किंवा पुढे जातं.

मग ताठपणाचा हिशेब केला, आणि तिथे उलट आश्चर्य वाटलं. ओढल्यावर ताणलं न जाण्याच्या बाबतीत पोलाद अशा फायबरच्या २५ ते ३० पट ताठ आहे. पण सपाट चादर वाकवताना ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ४ मिलिमीटर फायबर १.२ मिलिमीटर पत्र्यापेक्षा वाकायला थोडं जडच जातं, आणि ३ मिलिमीटर फायबर १ मिलिमीटर पत्र्याच्या जवळपास येतं. तळहाताने दाबलं तर फायबरचं मडगार्ड पत्र्याच्या मडगार्डपेक्षा लेचंपेचं लागत नाही ते यामुळेच. दुकानात, प्रदर्शनात, मित्राच्या अंगणात आपण नेमकं तेच करतो, तळहात ठेवून दाबून बघतो. आणि फसतो. कारण गाडीची बॉडी तळहाताने दाबली जात नाही, ती बोल्टांपाशी खेचली जाते.

हे मला कळलं ते फायबरच्या कारखान्यात बसल्यावर. बोटींचं काम करणारा एक ओळखीचा मुलगा जीपचे भागही काढून द्यायचा. त्याच्याकडे काही दुपारी नुसतं बघत बसलो. साच्याला आधी मेण, मग जेलकोट, अर्धा मिलिमीटरच्या आसपास. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर उतरणार नाही इतका आळला की मॅटचा पहिला थर, ब्रशने रेझिन ठोकून ठोकून मुरवायचं, आणि मग लोखंडी चकत्यांचा रोलर. पांढरी मॅट रेझिन प्यायल्यावर पारदर्शक होत जाते. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली. तो मुलगा रोलर फिरवताना बघत नव्हता, ऐकत होता. हवा असली की रोलरखाली बारीक चरचर येते. वासाने डोकं जड होतं, स्टायरिन ते. रेझिन घट्ट करणारं हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. हे हार्डनर आणि घट्ट होणं लवकर करवणारं कोबाल्टचं अॅक्सिलरेटर थेट एकत्र कधीच करायचं नाही, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. डोळ्यात हार्डनरचा थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्म्याशिवाय तो कुणालाच बाटलीजवळ येऊ देत नव्हता.

"दादा, हौदा घ्या, पण बोल्ट कुठे कुठे येणार ते आधी सांगा," तो म्हणाला. "नंतर भोक पाडलंत तर माझी जबाबदारी नाही."

मी म्हटलं, "सगळीकडेच येणार की. सीट, गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा केज, पेडल, स्टेअरिंगचा ब्रॅकेट."

"मग तुम्हाला हौदा नकोय," तो हसून म्हणाला, "तुम्हाला लोखंडाची गाडी पाहिजे, वर रंगासाठी फायबर."

बोलणं थट्टेचं होतं, पण मी घरी येऊन फायबरच्या गाड्यांचा इतिहास चाळला तेव्हा तेच दिसलं. वाळूवर पळणाऱ्या बग्गीचं चित्र ज्या गाडीने जगभर रुजवलं, ती ब्रूस मायर्सची मँक्स, १९६४ ची. तिच्या पहिल्या मोजक्या गाड्या पूर्ण फायबरच्या कवचाच्या होत्या, सस्पेन्शन थेट त्या कवचाला. करायला किचकट आणि महाग. नंतर ज्या हजारोंनी विकल्या गेल्या त्यांत फायबर वर आणि खाली फोक्सवॅगन बीटलचा आखूड केलेला पोलादी तळ. शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरची, पण ती कितीतरी दशकं पोलादी चासीवर, आणि १९६३ च्या मॉडेलपासून तर आत प्रवाशांभोवती पोलादी सांगाडाच आला. ब्राझीलच्या गुर्गेल कंपनीने खडबडीत रस्त्यांसाठी ज्या छोट्या गाड्या काढल्या त्यांत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्याच्याभोवती फायबर, एकजीव केलेलं. त्या बांधणीला त्यांनी प्लास्टील असं नाव दिलं होतं. म्हणजे ज्यांनी फायबर खरोखर दगडांत नेलं, त्यांनीही ते कातडं म्हणून वापरलं, हाडं लोखंडाचीच ठेवली.

माझ्या जीपमध्ये मात्र हौदा हेच अर्धं हाड आहे. शिडीसारखी चासी वळणावर, एक चाक वर एक चाक खाली असताना पिळवटते. पोलादी हौदा तिच्याबरोबर थोडा पिळवटतो आणि परत येतो. फायबरचा हौदा त्याच जागी कडक बोल्टने आवळला तर ताण दाराच्या कापाच्या आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि माणसांमधल्या भिंतीच्या, कोपऱ्यांत गोळा होतो. आधी जेलकोटवर केसासारख्या रेषा, मग त्याखाली पांढरट डाग, मग तडा. असे दोन हौदे मी पाहिले, दोन्हीत तडा त्याच कोपऱ्यात. एकाच्या मालकाने तो आतून मॅट मारून बुजवला होता आणि तडा पॅचच्या कडेने पुढे सरकला होता. पॅच जाड, बाजूचं पातळ, ताण गेला पातळ भागात. यात फायबरचा काही दोष नाही, ते जिथे नको तिथे बसवलंय.

मग सीटबेल्ट आणि केज. यावर माझ्यापुरता वाद संपला. बेल्टचा बोल्ट फायबरमध्ये घालायचाच नाही, मागे कितीही मोठा वॉशर घातला तरी. धडकेत एका बोल्टवर टनाच्या हिशेबाने ओढ येते आणि मॅटचं फायबर त्या बोल्टाभोवती फाटत जातं. केजसाठीही तेच. आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धांच्या एफआयए नियमांत केजच्या मुख्य कमानींच्या पायांखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी प्लेट लागते, आणि ती बॉडीशेलला वेल्ड केलेली. फायबरला वेल्ड कशी करणार? मग केजचे पाय हौद्यातून भोक पाडून थेट चासीवर न्यायचे. ते करता येतं, चांगलंही असतं, पण मग हौदा आणि केज वेगवेगळे हलतात आणि त्या भोकाभोवती रबर, फट, चिखल, पाणी. मला शिवाय ब्रेकला बूस्टर लावायचा होता आणि पेडल फायरवॉलवरून लटकवायचं होतं. घाबरून माणूस ४० किलोचा जोर पेडलवर देतो, पेडलच्या लिव्हरने तो पाचपट होतो, आणि हे २०० किलो फायरवॉलला पुढे ढकलतात. फायरवॉल वाकली की तेवढं पेडल खाली जातं आणि ब्रेक मऊ लागतो. ऑइल बदला, हवा काढा, काही केलं तरी मऊच.

अॅल्युमिनियमचा विचार केला नाही असं नाही. १९४८ ची पहिली लँड रोव्हर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची होती, कारण युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं. पण तिचीही चासी आणि फायरवॉल पोलादीच. जिथे दोन धातू एकमेकांना टेकतात आणि मध्ये ओलावा येतो तिथे अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जातं, हे जुन्या लँड रोव्हरच्या दारांच्या खालच्या कडा बघितल्या की कळतं. शिवाय त्याला टिग वेल्डिंगचा सरावाचा हात लागतो. माझ्या आसपास तो नव्हता. विषय संपला.

दुरुस्ती हा मुद्दा लोक फायबरच्या बाजूने मांडतात आणि मला तो अर्धाच पटतो. फायबर तुटलं की घरी जोडता येतं, वेल्डिंगचं मशीन लागत नाही, हे खरं. पण जुन्या, वाळलेल्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरतं. म्हणून तडा जेवढा खोल त्याच्या दहा-बारा पट रुंद उतार घासावा लागतो, खरखरीत पॉलिश पेपरने, दोन्ही बाजूंनी जमलं तर उत्तमच. त्यात चिखल, डिझेल, पाणी लागलेलं असेल तर आधी ते पूर्ण सुकवून धुऊन काढायचं. डोंगरात, पावसात, हे होत नाही. पत्रा दगडावर आदळला की चेपतो, आणि चेपलेला पत्रा टायरला घासत असेल तर पहारीने बाहेर काढून घरी येता येतं. फायबर आदळलं की बऱ्याचदा परत जागेवर येतं, खूणही राहत नाही, आणि आदळणं एका मर्यादेपलीकडे गेलं की तुकडा पडतो.

तर मी ठरवलं: हौदा, तळ, फायरवॉल, ग्रिल आणि काचेची चौकट पत्र्याची, बोनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं फायबरची. ग्रिल का पत्र्याची, तर रेडिएटर तिला धरून असतो आणि दोन्ही मडगार्डांची पुढची टोकं तिलाच येऊन मिळतात. मडगार्डं का फायबरची, तर झाडाच्या फांद्या, बांधाच्या कडा, खांब हे सगळे तिथेच घासतात. त्यांच्यावर भार काही नसतो, फक्त कुणी टेकून बसलं तर. त्यासाठी वरच्या सपाट भागात एक थर जादा घालून घेतला.

पत्र्याचं काम करणारे काका जुन्या पठडीतले. मी फायबर-पत्रा असा मिसळीचा बेत सांगितल्यावर त्यांनी आधी मान हलवली. "अर्धं हे अर्धं ते, रंग एकसारखा दिसणार नाही."

"दिसू दे, काका. तुम्ही हौदा सरळ करून द्या."

"सरळ तर करतोच. पण आधी चासीवर ठेवूनच टाके मारायचे. घोड्यांवर ठेवून जोडलात तर चासीवर बसताना वाकडा बसेल."

हे त्यांचं म्हणणं लाखमोलाचं. जुन्या हौद्याचा तळ कापायच्या आधी आत तिरक्या नळ्या टाके मारून बसवल्या, म्हणजे कापल्यावर बाजू उघडू नयेत. नवा पत्रा सीआरसी (थंड लाटलेला), १.२ मिलिमीटरचा, आणि तळाखालच्या पट्ट्या २ मिलिमीटरच्या. को-टू (CO2 वायूवर चालणाऱ्या वेल्डिंगच्या) मशीनने सलग वेल्ड न मारता टाका इथे, मग हातभर पलीकडे, मग मध्ये, असं थांबत थांबत. सलग मारला तर पत्रा तापून लाटा उठतात, आणि त्या ठोकून काढण्यात दुप्पट वेळ जातो. जिथे दोन पत्रे एकावर एक येणार होते तिथे आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर. नंतर इपॉक्सी प्रायमर, सगळ्या सांध्यांवर सीलर, आणि पट्ट्यांच्या पोटात मेणाचा फवारा. प्रत्येक पट्टीच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाण्यासाठी भोक ठेवलं. काकांना ती भोकं पटली नाहीत, "छान बंद पेटी झालीय, भोक कशाला," असं त्यांचं मत. पण बंद पेटी अशी काही नसतेच, पाणी आत जायला वाट शोधतंच. बाहेर यायला आपण द्यावी लागते.

फायबरचे भाग आले ते साच्यातून काढून लगेच. ताजं पॉलिस्टर काही दिवस आक्रसत राहतं, म्हणून ते लगेच बसवून, घासून रंगवलं तर महिन्याभरात मॅटच्या काड्यांची नक्षी रंगातून वर दिसायला लागते. गडद रंगात जास्त, कारण तो उन्हात जास्त तापतो. मडगार्डं उन्हात, पण गाडीवरच हलके बोल्ट लावून ठेवली, म्हणजे वाळताना आकार गाडीचा धरतील. त्याआधी प्रत्येक भागाची तपासणी. मागून बॅटरी धरायची, अंधारात. प्रकाश सगळीकडे सारखा यायला हवा, फिकट डाग म्हणजे थर कमी. आणि एका नाण्याने टिकटिक करत फिरायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. बोनेटच्या एका कडेला बद्द आवाज आला, तो भाग परत पाठवला. मुलाने तक्रार न करता दुसरा काढून दिला, आणि पहिल्याची ती कड कापून दाखवली. आत दोन थरांमध्ये नखाएवढी पोकळी.

फिटिंगला खरा वेळ गेला. तयार भाग येतात, बोल्ट मारा आणि चालवा, म्हणणाऱ्यांना इथे बसवायला हवं. ग्रिलशी सांधा एका बाजूला जुळला की दुसऱ्या बाजूला बोटभर फट. बोल्ट आवळून फट मिटवायचा मोह होतो, तो टाळायचा, कारण तसा आवळलेला भाग कायम ताणात राहतो आणि बोल्टाभोवती चांदणीसारख्या फुटलेल्या रेषा येतात. फट शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून भरायची. भोकं बोल्टापेक्षा दोन मिलिमीटर मोठी पाडली, कारण पत्रा आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत. फायबर दुपटीहून जास्त फुगतं. प्रत्येक भोकात फायबरच्या जाडीइतकी धातूची नळी, म्हणजे नट आवळला की भार नळीवर जातो, फायबर चिरडत नाही. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, एका बाजूला रबर. काउंटरसंक स्क्रू कुठेच नाही, त्याचं निमुळतं डोकं पाचरीसारखं फाडतं. भोकं कडेपासून बोल्टाच्या किमान तीन व्यासांवर. घासताना पूर्ण बाह्या, मास्क, आणि काम संपल्यावर आधी थंड पाण्याने हात. गरम पाण्याने धुतले तर काचेचा चुरा आणखी आत शिरल्यासारखा वाटतो आणि दोन दिवस खाज.

विजेचं काम फायबरवाल्यांच्या जाहिरातीत कधीच नसतं. पत्र्याच्या गाडीत प्रत्येक दिव्याचा अर्थ, म्हणजे बॅटरीकडे परतणारी वीज, बॉडीतून परत जातो. मडगार्ड फायबरचं झालं की त्यावरचे इंडिकेटर, हॉर्न, जे काही असेल ते मुकं. प्रत्येकाला वेगळी अर्थची तार ओढून चासीवर एका स्वच्छ घासलेल्या बोल्टला आणली. यात सर्वांत महत्त्वाचा व्होल्टेज रेग्युलेटर, तो माझ्या गाडीत मडगार्डाच्या आतल्या बाजूला होता. त्याला अर्थ नीट मिळाला नाही तर तो बॅटरीचा दाब चुकीचा वाचतो आणि चार्जिंगचा सगळा कारभार बिघडतो. तो फायरवॉलवर हलवला, पत्र्यावर, प्रश्नच मिटला.

उष्णतेचंही असंच. साध्या पॉलिस्टर रेझिनचं फायबर शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी तापतो. बोनेटच्या आत, मॅनिफोल्डच्या वर, चमकता हीट शील्ड लावला, पण बोनेटला चिकटवून नव्हे तर बोटभर फट ठेवून, मधून हवा जाईल असा. कार्ब्युरेटरजवळची पेट्रोलची नळी बदलून टाकली, क्लिपही नव्या. पॉलिस्टर पेटलं तर काळा धूर काढत भराभर जळतं. अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी असतो, आधीही होता, आता तो नुसता शोभेला नाही.

गाडी त्यानंतर भरपूर चालली. डावं मडगार्ड एकदा बाभळीच्या बुंध्यावर जोरात आदळलं, इतकं आत दबलं की मला वाटलं गेलं. ते परत आलं. जेलकोटवर दोन रेषा, मागून बघितलं तर आतला थर पांढरा पडलेला, तळहाताएवढा. पत्र्याचं असतं तर तिथे खड्डा पडला असता आणि टायर वळवताना घासला असता. हौद्याच्या मागच्या कोपऱ्याला एका दगडाने चांगलाच चिमटा काढलाय, तो अजून तसाच आहे; काकांकडे जाईन तेव्हा ठोकून घेईन.

सध्या काम चालू आहे ते बोनेटचं. या गाडीत काच पुढे पाडली की तिची चौकट बोनेटवर टेकते, मुळात त्यासाठी वर दोन लाकडी ठोकळे असतात. चौकट पत्र्याची, जड, आणि खड्ड्यात ती त्या दोन ठिकाणीच आपटते. म्हणून ठोकळ्यांच्या बरोबर खाली, आतून, मॅटऐवजी विणलेल्या काचेच्या कापडाचे थर घेतलेत, दोन्ही ठोकळ्यांना जोडणारी एक आडवी बरगडी करून. बोनेट बाजूने धरून ठेवणाऱ्या चिमट्यांच्या खाली स्टेनलेसची पट्टी टाकली आहे. साधी लोखंडी पट्टी फायबरच्या आत गाडली की ती गंजून फुगते आणि थर फोडते. वेगात वाऱ्याने बोनेटचा मधला भाग थरथरायचा, तो बरगडीनंतर बराच थांबलाय. अजून घासून व्हायचंय, आणि रंग त्यानंतर.